ड्रायर रुसला तर काय पाहावे?



आज आपण कपडे वाळवण्याच्या यंत्राविषयी बोलणार आहोत. हा विषय आम्ही निवडलेला नाही, तुमच्यापैकीच काही जणींनी तो आमच्या गळ्यात घातला आहे. गेल्या शनिवारी वर्ग सुटला आणि तिघी जणी दाराशी थांबल्या. एक म्हणाली, "गुरुजी, आमचा ड्रायर नुसता घूं घूं करतो, फिरत नाही. मिस्त्री म्हणतो मोटार गेली, अठराशे रुपये पडतील. खरंच गेली असेल का हो?" दुसरी म्हणाली, "आमचा फिरतो, पण नाचत नाचत मोरीच्या दारापर्यंत जातो." तिसरीच्या यंत्राखालून पाणी गळत होते. आम्ही म्हटले, एकेकीला वेगळे सांगण्यापेक्षा पुढच्या वेळी सर्वांनाच सांगू. म्हणून आजचे हे बोलणे.

आम्ही मिस्त्री नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आम्ही मॅट्रिक झालेले, आणि जन्म गेला तो प्राथमिक शाळेत. पण आमच्या घरी हे यंत्र २०१२ साली आले. तेव्हापासून त्याचे बहुतेक रुसवेफुगवे आम्ही पाहिले आहेत. एक मोठी चूकही आमच्या हातून झाली आहे. ती आम्ही शेवटी सांगणार नाही, मध्येच सांगू. शेवटी शेवटी तुम्हाला घरी जायची घाई असते.

आता ड्रायर म्हणजे काय, ते आधी पाहू. एका यंत्रात दोन डबे असतात. मोठ्या डब्यात कपडे धुतात, आणि शेजारच्या लहान डब्यात पिळतात. ह्या लहान डब्यालाच आपण ड्रायर म्हणतो. शहरांत काही घरी आणि परदेशांत पुष्कळ घरी वेगळा ड्रायर असतो. त्यात गरम हवा सोडून कपडे अगदी कोरडे करतात. त्याचे दुखणे निराळे. कपड्यांतून निघालेली लव त्याच्या जाळीत साठते, ती दर वेळी काढावी लागते. काढली नाही तर हवा कोंडते, कपडे ओलेच राहतात, आणि कधी कधी आगही लागते. अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन खात्याने २००८ ते २०१० या तीन वर्षांचा हिशेब काढला. घराघरांतल्या अशा ड्रायरांमुळे तिथे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि त्यात सफाई न करणे हे पहिले कारण निघाले. कुणाचा मुलगा-मुलगी तिकडे असेल तर फोनवर जरूर विचारा, जाळी साफ करता ना म्हणून. आपल्या ड्रायरात मात्र उष्णता नसते. तो कपडे वाळवत नाही, पिळतो.

कसा पिळतो? तुम्ही गोफण पाहिली आहे. शेतात पाखरे हाकताना गोफण गरगर फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, आणि एक टोक सोडले की सुटून जातो. ड्रायरच्या डब्यात आणखी एक टोपली असते. तिला सगळीकडून भोके असतात. मोटार ही टोपली मिनिटाला साधारण १,३०० ते १,४०० वेळा फिरवते. म्हणजे तुम्ही 'एक' म्हणेपर्यंत टोपलीचे वीसबावीस फेरे झाले! कपडे टोपलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि पाणी भोकांतून बाहेर उडते. ते बाहेरच्या डब्यात पडते, आणि तिथून नळीने मोरीत जाते. टोपलीचा व्यास वीतभरच असला, तरी तिची कड ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावत असते. आपली एसटी मोकळ्या रस्त्यावर धावते ना, तेवढा हा वेग. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

आपल्या कोकणात हे यंत्र घरोघर का आले, ते तुम्हाला सांगायला नको. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पूर्वी पडवीत दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायचे. दोन दोन दिवस वाळत नसत, कुबट वास यायचा. बाळाची दुपटी शेगडीवर टोपले पालथे घालून त्यावर वाळवीत. आमच्या आईने आमच्या धाकट्या भावंडांची तशीच वाळवली. एकदा त्यातले एक जळाले, तो वास आम्हाला अजून आठवतो. ड्रायरातून काढलेला कपडा दमटच असतो, पण पंख्याखाली टाकला तर रात्रीतून वाळतो. म्हणून श्रावणात ड्रायर बंद पडला की घरात नुसता गोंधळ होतो, आणि मग मिस्त्री म्हणेल ते पैसे आपण देतो.

तर आता त्या पहिल्या बाईंची गोष्ट. यंत्र घूं घूं करते, फिरत नाही.

आम्ही रविवारी त्यांच्या घरी गेलो. आधी प्लग काढायला सांगितला. यंत्राला हात लावण्याआधी प्लग काढायचा, तोही कोरड्या हाताने. नुसते बटण बंद केले म्हणजे झाले, असे समजू नका. मग झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिले. आतली टोपली आणि बाहेरचा डबा यांच्या मध्ये बोटभर फट असते. त्या फटीत काहीतरी पांढरे दिसले. जुन्या छत्रीची काडी वाकवून आकडा केला आणि हळूहळू वर ओढले. काय निघाले? नातवाचा मोजा! तो टोपलीच्या वरून उडून फटीत पडला होता आणि खाली गुंडाळी होऊन टोपलीला धरून बसला होता. मोटार बिचारी जोर करत होती, पण टोपली सुटेना. मोजा काढला, यंत्र फिरू लागले. अठराशे रुपये वाचले.

मोजे, रुमाल, टोपडी, ब्लाउजचे पट्टे असले लहान कपडे टोपलीत तळाशी घाला, आणि वर मोठे कपडे ठेवा. सगळ्यांच्या वर प्लॅस्टिकची एक गोल झाकणी ठेवून दाबायची असते. ती यंत्राबरोबर मिळते. पुष्कळ घरांत ती पहिल्या महिन्यातच हरवते, किंवा पिठाच्या डब्यावर जाऊन बसते. ती शोधा. कपडे उडू नयेत म्हणूनच ती दिलेली असते. फटीत पडलेला कपडा दिसतो पण आकड्याला लागत नाही, असे झाले तर ओढाताण करू नका. मिस्त्री टोपली सोडवून काढील.

इथे एक गंमत सांगतो. त्या बाईंनी टोपली हाताने फिरवून पाहिली होती. ती जड लागली, म्हणून मिस्त्रीचे म्हणणे त्यांना पटले. पण झाकण उघडे असते तेव्हा टोपलीला ब्रेक लागलेला असतो. मग ती जड लागणारच! तेवढ्यावरून मोटार गेली असे ठरवू नये.

फटीत काही नाही आणि तरीही घूं घूं होते, तर आधी घरातला दिवा पाहा. दिवा मिणमिणता असेल तर व्होल्टेज कमी आहे. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची असायला हवी. संध्याकाळी सगळीकडे पंप चालू झाले की ती उतरते, आणि मोटारीला उठण्याइतका जोर मिळत नाही. अशा वेळी ड्रायर चालवायचाच नाही. न फिरणाऱ्या मोटारीत वीज जात राहिली तर मोटार तापते आणि मग खरोखरच जळते. सकाळी लावा. सकाळीही तेच झाले तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. ही एक लहानशी डबी असते. मोटार सुरू होताना लागणारा धक्का ती देते. मोटारीच्या मानाने ती फार स्वस्त असते. म्हणून मिस्त्री मोटार बदलू म्हणाला, तर आपण एवढेच म्हणावे, "दादा, आधी कंडेन्सर बदलून पाहा." त्या डबीवर एक आकडा छापलेला असतो. जुन्या डबीवरचा आणि नव्या डबीवरचा आकडा सारखा आहे ना, हे वाचा. तुम्हाला आता आकडे वाचता येतात, मग मिस्त्रीपुढे ते वाचायला लाजू नका. पण डबीला स्वतः हात लावू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात काही वेळ वीज साठून राहते.

आता नाचणारे यंत्र. ह्यात दोष बहुधा यंत्राचा नसतो, भरणाऱ्याचा असतो. एका बाजूला भिजलेली जीनची पँट आणि दुसऱ्या बाजूला दोन बनियने असली तर काय होईल? डोक्यावर कळशी एका कानाकडे कलंडली की बाई जशी झोकांडते, तसेच यंत्र झोकांडते. कपडे उलगडून, गोल गोल, सगळीकडे सारखे बसवावेत. एकटा मोठा टॉवेल असेल तर त्याच्या समोर दुसरा जड कपडा घालावा. गोधडी किंवा जाड चादर टोपलीत कोंबू नये. ती दोरीवर टाकावी आणि निथळू द्यावी, दुसरा इलाज नाही. प्लॅस्टिकचा रेनकोट तर कधीच घालू नये. त्यातून पाणी आरपार जात नाही. ते एका कोपऱ्यात पिशवीसारखे साठते, मग अचानक भार सरकतो आणि यंत्र आपटू लागते. पिळायचे काय असते हो रेनकोटात? खुंटीला लटकवला की झाले.

दुसरे, यंत्र सपाट जागी उभे आहे का, ते पाहावे. मोरीजवळच्या जमिनीला उतार असतो. यंत्रावर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवा. एका बाजूने सांडली तर त्या बाजूचा पाय उचलून खाली फळीचा तुकडा घट्ट बसवा. कपडे नीट भरले, यंत्र सपाट केले, तरीही टोपली बाजूला आपटते? मग मोटारीखालची स्प्रिंग तुटली असेल. ते मिस्त्रीचे काम.

कपडे चिंब राहतात, टोपली फिरते पण जडपणे, अशी तक्रारही पुष्कळ वेळा येते. तेव्हा नळी पाहा. बहुतेक अशा यंत्रांत पाणी वर चढवणारा पंप नसतो. पाणी आपल्या वजनाने जेवढे वाहील तेवढेच. नळी मोरीच्या कठड्यावर टांगली, किंवा ती बादलीखाली दबली, किंवा तिला पीळ पडला, तर पाणी डब्यातच साठते आणि टोपली त्या पाण्यात फिरू लागते. नळी सरळ, उताराने, जमिनीवर पडलेली हवी. भातलावणीच्या दिवसांत आणखी एक होते. चिखलाचे कपडे तसेच यंत्रात घालतात. चिखल, साबणाचा गाळ, कपड्याची लव, सगळे नळीत बसते. चिखलाचे कपडे आधी धोंडीवर खळबळून काढा. दोनतीन महिन्यांनी नळी काढून उलट बाजूने पाणी सोडून धुवा. आणि मोठ्या डब्यातले पाणी पूर्ण सोडल्यावरच ड्रायर लावा. दोन्ही कामे एकदम करण्याची घाई आमच्या घरीही होते, नाही असे नाही.

ह्यापुढे आम्ही आमची चूक सांगतो.

२०१६ च्या जुलैत आमचा ड्रायर अगदी मुका झाला. घूं नाही की चूं नाही. बाकी यंत्र चालू होते. मिस्त्री आला. त्याने झाकणाजवळचा भाग उघडला आणि म्हणाला, "झाकणाचा स्विच गेलाय, गुरुजी." तो स्विच कशासाठी असतो, ते आम्ही विचारले. तो म्हणाला, झाकण लावले की हा दाबला जातो आणि मोटारीला वीज जाते. झाकण उघडले की वीज तुटते. "नवा यायला आठ दिवस लागतील. तोवर दोन तारा जोडून डायरेक्ट करून देऊ का?"

बाहेर पाऊस कोसळत होता. पडवीत तीन दिवसांचे ओले कपडे लोंबत होते. आम्ही म्हणालो, "करा."

आठ दिवस झाले, पंधरा झाले. मिस्त्री आला नाही, आणि आम्हीही बोलावले नाही. यंत्र चालले होते ना! पण आता झाकण उघडले तरी ते चालूच राहायचे. आमच्या घरच्यांना त्याची सवय झाली. कपडे कुठवर आले ते झाकण उघडून बघता येते, ही एक सोयच वाटू लागली. आत काय चालले होते, ते आम्हाला पुढे कळले. झाकण उघडले की त्याला जोडलेली तार ब्रेक लावते. नेहमी त्याच क्षणी वीजही तुटलेली असते, म्हणून टोपली लगेच थांबते. आमच्या यंत्रात वीज तुटत नव्हती. एकीकडे मोटार फिरवते आहे आणि दुसरीकडे ब्रेक धरतो आहे, असे रोज चालले होते. बैलाला चाबूक मारायचा आणि कासराही ओढायचा, त्यातलाच प्रकार. दीडदोन महिन्यांत ब्रेकचे रबर झिजून गेले.

गणपतीचे दिवस आले. घरात पाहुणे, धुण्याचा ढीग. आमच्या सौभाग्यवती घाईत होत्या. त्यांनी झाकण उघडले. टोपली संथ झाली आहे असे वाटून त्यांनी साडीचे टोक धरले. ओल्या साडीने हाताला वेढा घातला आणि हात आत खेचला गेला. त्यांची किंकाळी ऐकून आम्ही ओटीवरून धावलो. प्लग यंत्राच्या मागे होता. तो सापडेपर्यंत किती वेळ गेला असेल? तीनचार सेकंद. टोपलीची कड किती वेगाने धावते, ते मघाशी सांगितले आहे.

मनगटाजवळची दोन्ही हाडे मोडली. तालुक्याच्या गावी नेले, सहा आठवडे प्लास्टर होते. हाड जुळले, पण अनामिका आणि करंगळी अजून पुरती मिटत नाहीत. त्यांच्या हातच्या मोदकाला एकवीस कळ्या पडायच्या. आता कळ्या आमची सून पाडते.

त्या मिस्त्रीला आम्ही पुष्कळ दिवस दोष दिला. पण त्याने आम्हाला विचारले होते, आणि 'करा' असे आम्ही म्हणालो होतो. शाळेत मुलांना दर वर्षी विजेचे धडे देणारे आम्ही! नवा स्विच आणि ब्रेकचे रबर दोन्ही मिळून खर्च किती आला, तो आकडा सांगायलाही लाज वाटते. इतका तो थोडा होता.

म्हणून तुमच्या घरी कुणी 'डायरेक्ट करून देतो' म्हणाले तर 'नको' म्हणा. कपडे ओले राहू देत. शेजारणीच्या ड्रायरात पिळून आणा, हाताने पिळा, काहीही करा. झाकण उघडल्यावर टोपली फिरत राहते, असे यंत्र तुमच्या घरी आज असेल, तर आज घरी गेल्याबरोबर त्याचा प्लग काढून ठेवा. घरात पोर असेल तर प्लग काढून वायर वर बांधून ठेवा. फिरणारी वस्तू दिसली की पोर हात घालते.

राहिलेल्या दुखण्यांविषयी थोडक्यात सांगतो.

तिसऱ्या बाईंच्या यंत्राखाली पाणी गळते. त्यांना आम्ही विचारले, धुताना गळते की पिळताना? त्या म्हणाल्या, पिळतानाच. टोपलीचा दांडा जिथून खाली मोटारीकडे जातो, तिथे रबराचे एक सील असते. ते झिजले की पाणी दांड्यावरून थेट मोटारीवर उतरते. बरोबर खरखर आवाजही येऊ लागतो. हे थांबण्यासारखे दुखणे नव्हे. पाणी आणि वीज एकत्र आली, म्हणजे मोटार तरी जळते किंवा माणसाला तरी झटका बसतो. त्यांना आम्ही यंत्र बंद ठेवून मिस्त्रीला बोलावायला सांगितले आहे.

यंत्राच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होते, असे कुणी म्हणाले तर हसण्यावारी नेऊ नका. प्लगला तीन पाय असतात. त्यातला जाड पाय अर्थिंगचा. तारेतून वीज चुकून पत्र्यावर उतरली, तर ह्या पायाने ती जमिनीत जाते. काही लोक दोन भोकांच्या बोर्डात बसावा म्हणून तो पाय कापून टाकतात! तसे कधी करू नये. घरात अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. शॉकपासून वाचवणारा, तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर मिळतो, तो मीटरपेटीजवळ बसवून घेतला तर फार बरे. मोरीत अनवाणी, ओल्या पायांनी उभे राहून आपण हे यंत्र हाताळतो, हे विसरू नका.

जळका वास आला तर लगेच बंद करा. झाकण लावल्यावर ब्रेक पुरता सुटला नाही, तर तो टोपलीला घासत राहतो आणि रबर जळते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ब्रेकची तार गंजते, म्हणून हे आपल्याकडे वरचेवर होते. उंदरांचे काय सांगावे! यंत्राच्या तळाला जाळी लावून घ्या, नाहीतर तारा कुरतडतात. आमच्याकडे एकदा तळाशी पोरेसुद्धा घातली होती. रॉकेल किंवा पेट्रोल सांडलेले कपडे ड्रायरात घालू नका, आत ठिणगी पडली तर भडका उडेल. टायमरची कळ उलटी फिरवू नका, तिचे आतले दाते बिघडतात.

मिस्त्रीला फोन करताना नुसते "ड्रायर बिघडला" असे सांगू नका. काय होते ते सांगा. आवाज येतो की नाही, वास येतो का, पाणी कुठून येते, झाकण लावल्यावर होते की उघडल्यावर. वहीत लिहून ठेवलेत तर आणखी चांगले, तुमचा तेवढाच सराव होईल. यंत्राच्या पाठीवर एक पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेलचा क्रमांकही उतरून घ्या. तो सांगितला की मिस्त्री योग्य तो भाग बरोबर घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते. त्या पट्टीवरची अक्षरे इंग्रजी असतात. आमच्याकडे आणा, आम्ही ओळखून देऊ.

आता ब्रेक नीट आहे की नाही, हे घरच्या घरी कसे पाहायचे? टोपलीत दोनचार ओले कपडे नीट भरा आणि ड्रायर चालू करा. पूर्ण वेगात आला की झाकण उघडा, आणि हात पाठीमागे धरून मोजा. भराभर मोजू नका, घड्याळाच्या टिकटिकीबरोबर मोजा. पंधरा म्हणायच्या आत टोपली अगदी थांबली पाहिजे. पंधरापर्यंत थांबली नाही, तर ते यंत्र वापरायचे नाही, आधी दुरुस्त करायचे. यंत्रांबरोबर जी पुस्तिका मिळते, तीतही पुष्कळदा हेच लिहिलेले असते. आपण ती वाचत नाही आणि माळ्यावर टाकतो.

आमच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला ही मोजणी होते. मोजण्याचे काम नातीकडे आहे, आणि ती कॅलेंडरवर आकडा लिहिते. नेहमी सहा-सात व्हायचे. गेल्या महिन्यात अकरा झाले. पंधराच्या आत आहे खरे, पण वाढले कशाने? म्हणून मिस्त्रीला बोलावले. ब्रेकची तार सैल झाली होती. त्याने ती आवळून दिली. ह्या महिन्याच्या चौकटीत तिने पुन्हा सात लिहिले आहेत.